घरचं आधी

७ फेब्रुवारी

भावोजी,

नमस्कार. साडेतीन वर्षांनी पाकिटावर तुमचं अक्षर पाहिलं आणि आधी वाटलं, टपालवाल्यानं एखादं जुनं पत्र आत्ता आणून दिलं. तुमचं अक्षर तसंच आहे, फळ्यावर सुविचार लिहिल्यासारखं. माझे कोंबडीचे पाय तुम्हाला माहीतच आहेत. ताई म्हणायची, "धाकटीचं पत्र आलं की औषधाच्या दुकानात नेऊन वाचून घ्यावं लागतं."

इतकी वर्षं मी समजत होते की तुम्ही माझ्यावर रागावून गेलात. ताई गेली आणि महिन्याच्या आत तुम्ही घर रिकामं केलं, ठकीला घेऊन दुसऱ्या गावी गेलात, नव्या छापखान्यात लागलात. पत्ता मला तुमच्या शेजारच्या शिंपिणीकडून कळला. मी म्हटलं, बरोबरच आहे, त्यांना माझं तोंड बघायचं नसेल. आणि आता तुम्ही लिहिता की तुम्हालाच मला तोंड दाखवायची लाज वाटत होती!

हे काय भलतंच डोक्यात घेऊन बसलात? 'तिच्या पहिल्या बायोप्सीच्या रिपोर्टची शेवटची ओळ मी वाचली होती. गाठ राहिल्यास पुन्हा तपासणी करावी. वाचूनही मी हट्ट धरला नाही. म्हणजे तिला मीच मारलं.' असं कुणी लिहितं का, भावोजी? ती ओळ सगळ्यांच्याच रिपोर्टवर असते. तेव्हा सांगितलं होतं, आजही सांगते. तुम्ही पडलात मुद्रितं तपासणारे, काड्यापेटीवरचा मजकूरसुद्धा शेवटपर्यंत वाचणारे, म्हणून तुम्हाला ती टोचली. बाकी कुणी तिथपर्यंत पोचतही नाही.

तुम्ही लिहिलंय की हल्ली ठकीच्या अंगावर डास चावल्याची गांध उठली तरी तुमच्या पाचावर धारण बसते. वर्षभरात तिचं रक्त सात वेळा तपासलंत. आता ती सुई म्हटलं की न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावते. म्हणून परीक्षा झाली की तिला माझ्याकडे पाठवायचं म्हणता, कायमचं. 'मी तिला सांभाळायच्या लायकीचा नाही. तू तिच्या आईसाठी शेवटपर्यंत झटलीस. ती तुझ्याजवळ सुखरूप राहील.' हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

पाठवा. दुसरं काय म्हणू? मी पन्नाशीला टेकले, लग्नाच्या भानगडीत पडले नाही, घरात बोलायला भिंतीवरचं घड्याळ, तेही मागे पडतं. सकाळी साडेआठला लॅबमध्ये जायचं, माणसांच्या अंगातून काढलेले तुकडे मेणात बसवायचे, कापायचे, काचेवर घ्यायचे, डॉक्टरांपुढे ठेवायचे आणि घरी यायचं. अठ्ठावीस वर्षं झाली. ठकी सहा महिन्यांची असताना माझ्या खांद्यावर झोपायची आणि ताई घ्यायला आली की रडायची. तेव्हापासून ती मला हवी आहे. ताईपाशी हे कधी बोलले नाही. तुमच्यापाशी बोलते.

त्या ओळीचं मनावर घेऊ नका.

तुमची,
धाकटी


१९ फेब्रुवारी

भावोजी,

तुमचं पत्र मिळालं. शाळेच्या दाखल्यासाठी अर्जसुद्धा दिलात म्हणे. तुम्ही एकदा मनावर घेतलं की घोड्यावर बसूनच असता.

मी मागची खोली रिकामी केली. खिडकीशी टेबल लावलं, म्हणजे अभ्यासाला डाव्या बाजूनं उजेड येईल. पलंग सरकवताना कंबर धरली, दोन दिवस वाकून चालत होते. लॅबमध्ये झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "बाई, या वयात बाळंतपण काढताय वाटतं!" सगळी हसली. मीही हसले, आणि हसता हसता मला एकदम रडू फुटलं. मावशींना वाटलं कंबर दुखली.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मात्र मला बसू देत नाही. तुम्ही लिहिलंत, ती ओळ छापील नव्हती हे तुम्हाला त्याच दिवशी दिसलं होतं. मला तो प्रसंग चांगला आठवतो. तुमच्या जेवणाच्या टेबलावर रिपोर्ट होता, ताई बटाटे सोलत होती. तुम्ही कागद माझ्यापुढे सरकवून म्हणालात, "धाकटे, हे बघ. बाकीचा नमुना छापील आहे, पण ही ओळ नंतर टाइप केलेली आहे. म्हणजे ही मुद्दाम हिच्यासाठीच लिहिली आहे." मी काय म्हटलं तेही आठवत असेल. "भावोजी, तुम्ही काना-मात्रा बघा, कॅन्सर आम्ही बघतो." ताईला हसून हसून ठसका लागला. तरी तुम्ही म्हणालात, "एकदा परत करून घेऊ या, काय बिघडतं?" त्यावर ताई म्हणाली, "तुम्ही छापखान्यातले, ती लॅबमधली. मी कुणाचं ऐकू?"

तुमचं बरोबर होतं. ती ओळ सगळ्यांच्या रिपोर्टवर नसते. आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे तेव्हाच्या डॉक्टरीणबाईंनी, ती खास ताईसाठी टाइप करून घेतली होती. मला माहीत होतं.

मग मी का उडवून लावलं? ताईला पुन्हा सुई नको होती म्हणून. तुम्ही तेव्हा बाहेर उभे होतात, आत मी होते. तिचा हात माझ्या हातात होता. सुई आत जाऊन तुकडा घेते तेव्हा खटका वाजतो, त्या आवाजानंच ती निम्मी मेली. तीनदा खटका वाजला. तिची नखं माझ्या मनगटात रुतली होती. उठल्यावर म्हणाली, "काही झालं तरी हे पुन्हा नाही हं, धाकटे. शपथ घे." मी शपथ घेतली. म्हणून गप्प बसले. जीव होता म्हणून.

एवढंच सांगायचं होतं. ठकीला कुठल्या रंगाची चादर आवडते ते कळवा.

धाकटी


३ मार्च

भावोजी,

तुमचं उत्तर परवा आलं. 'तू मायेपोटी गप्प बसलीस, मी भित्रेपणानं. दोन्हींत फरक आहे. तुझ्यावर माझा राग नाही.' आणि खाली ठकीचं. तिच्या मानेत शेंगदाण्याएवढी गाठ लागतेय. डॉक्टर म्हणतात सर्दीची आहे, आपोआप बसेल. पण तुम्ही तिथूनही सुईनं तुकडा काढून घ्या म्हणून त्यांच्या मागे लागलात, आणि दहा तारीख घेऊन आलात. 'या वेळी मी हट्ट सोडणार नाही.'

हे पत्र मी ज्यादा पैसे भरून पाठवते आहे, म्हणजे दहाच्या आत पोचेल. आधी ठकीची तारीख रद्द करा आणि मग पुढचं वाचा.

मागच्या पत्रात मी तुमच्याकडून माफी उकळली. मला ठाऊक होतं तुम्ही द्याल. सुईचं, शपथेचं सगळं खरं आहे, पण मी गप्प बसले ते त्यासाठी नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. कामावरच्या कुणाच्या माणसाचा नमुना आला की बरणीच्या झाकणावर निळ्या पेन्सिलीनं टिंब करायचं. टिंब दिसलं की रांग मोडायची, हातातलं काम बाजूला ठेवायचं. 'घरचं आधी' म्हणतो आम्ही. शिपायाच्या बायकोसाठी केलं, मोठ्या बाईंच्या सासऱ्यांसाठी केलं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. चार दिवसांच्या जिवाच्या घोराऐवजी एक दिवस, एवढंच. ताईच्या बरणीवरचं टिंब मी स्वतः केलं.

सुईनं काढलेले तुकडे शिवणाच्या दोऱ्याएवढे असतात. तीन होते. नोंदवहीत मीच लिहिलं, तीन. ते मेणात बसवले की एक छोटी वडी होते. ती यंत्रावर लावून दांडा फिरवायचा, दर फेरीला पात्यावर एक पापुद्रा सुटतो. पापुद्रा किती जाड निघावा ते एका चक्रीवर लावायचं. वरचं नुसतं मेण तासायचं तर तीस, तुकडा दिसू लागला की चार. मोठ्या तुकड्याची वडी तीसवर धडाधड तासली तरी चालते. दोऱ्यांची वडी पहिल्यापासून जपून घ्यायची. हे मी शिकाऊ मुलींना पहिल्या दिवशी शिकवते.

त्या दिवशी मी कुणा बाईच्या गर्भाशयातल्या मोठ्या गाठीची वडी तासत होते. ते काम अर्ध्यावर असताना ताईची वडी तयार झाली. रीतीप्रमाणे मी मोठी वडी काढून ठेवली आणि ताईची लावली. चक्री तीसवरच राहिली. रांगेनं काम केलं असतं तर मोठी वडी पूर्ण झाली असती आणि चक्री आपोआप चारवर आली असती. ताई रिपोर्टसाठी बाहेर बाकावर बसली होती, सहा वर्षांची ठकी तिला रेलून उभी. दाराच्या काचेतून ठकी मला जीभ काढून दाखवत होती. मी तिच्याकडे बघून तोंडं वेडावत पंधरा-वीस फेऱ्या मारल्या. मग खाली पाहिलं.

दोन दोरे तासले गेले होते. तिसरा जरा खोल बसला होता म्हणून वाचला. यंत्राखाली मेणाचा भुसा पडतो, पांढरा, हलका. त्यात ते दोन होते. मी बोटांनी भुसा चाळत बसले. त्यातून काही मिळत नाही हे मला पक्कं माहीत असूनही चाळत बसले. मग रोजच्यासारखा ब्रशनं झाडून डब्यात टाकला, चक्री चारवर आणली आणि उरलेल्या एका दोऱ्याची काच तयार करून मोठ्या बाईंपुढे ठेवली.

त्यांनी पाहिलं आणि मला हाक मारली. "वहीत तीन आहेत, काचेवर एकच कसा?"

भावोजी, तेव्हा मला एवढंच म्हणायचं होतं, "बाई, माझ्या हातून दोन गेले." बाई ओरडल्या असत्या. ताईला परत सुई बसली असती, ती रडली असती, दोन दिवस माझ्याशी बोलली नसती. संपलं असतं. मी म्हटलं, "दोन रक्ताच्या गुठळ्या होत्या, बाई. विरघळून गेल्या." अगदी सहज म्हटलं. मलाच नवल वाटलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. बावीस वर्षांत माझ्या हातून एक तुकडा वाया गेला नव्हता, नव्या मुलींना माझं उदाहरण द्यायच्या त्या. त्यांनी मान हलवली. उरलेल्या दोऱ्यात काही नव्हतं, तसं त्यांनी लिहिलं. पण मनात खुटखुट राहिली असावी, म्हणून ती ओळ टाइप करून घेतली.

मी माझं नाव जपलं. त्या क्षणी ताईचं दुखणंखुपणं माझ्या डोक्यात नव्हतं. ते मी नंतर शोधून काढलं, आणि मग ते इतकं छान बसलं की मलाही खरं वाटू लागलं. आणि तुम्ही बरोबर बोट ठेवलंत तेव्हा मी तुम्हाला हसण्यावारी नेलं. चोराच्या मनात चांदणं. त्या टेबलावर मला तुमची इतकी भीती वाटली होती की ताईनं पुढे केलेला चहा मी हातात घेतला नाही.

अकरा महिन्यांनी दुसऱ्या इस्पितळात तीच गाठ निघाली, तेव्हा काखेपर्यंत पसरलेली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. शेवटी शेवटी ताई मला समजावायची, "तू नको ग वाईट वाटून घेऊ. पहिल्या वेळी तुझ्या हातानं कापलं होतंस, म्हणजे तेव्हा ते नव्हतंच." येईल त्याला हे सांगायची. मी तिच्या पायाशी बसून ऐकायची. दीड वर्ष ऐकलं. तोंड उघडलं नाही.

त्या दोन दोऱ्यांत रोग होता का? मला माहीत नाही. कदाचित नसेलही. आमच्याकडे जुन्या वड्या खणात ठेवलेल्या असतात. गेल्या आठवड्यात मी ताईची काढून पाहिली. मेणात दोन चर आहेत, बाकी काही नाही. वाचली असती की नसती, हे आता या जगात कुणी सांगू शकत नाही, आणि ते मी केलं आहे. मी सगळे बहाणे करून पाहिले, भावोजी. यातून मला कुठूनही बाहेर पडता येत नाही.

तुम्ही वाचलंत ते बरोबर वाचलंत आणि बोललातही. तुमच्याकडे एकच चूक आहे, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. तेवढ्यासाठी त्या पोरीच्या मानेत सुई घालू नका.

काल मी आमच्या हल्लीच्या डॉक्टरसाहेबांना सगळं सांगितलं. मोठ्या बाई निवृत्त झाल्या, त्यांनाही जाऊन सांगितलं. त्या चष्मा काढून पुसत राहिल्या. साहेब म्हणाले, "लेखी द्या." दिलं. त्याची प्रत सोबत आहे, तुम्हाला तक्रार करायची तर लागेल. मला यंत्रावरून उठवलं आहे. मी आता कोपऱ्यात बसून बरण्यांवर चिठ्ठ्या डकवते, आणि त्याही दुसरं कुणीतरी तपासतं.

ठकीला पाठवू नका. दाखल्याचा अर्ज मागे घ्या.

धाकटी


२५ मार्च

भावोजी,

तुम्ही लिहिणार नाही हे मी धरून चालले होते, तक्रार केलीत की नाही तेही विचारत नाही. हे पत्र ठकीसाठी लिहिते आहे, कारण काल संध्याकाळी तिचा फोन आला होता. तुम्ही घरात नव्हतात. तिनं तुम्हाला सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

आवाज ओळखलाच नाही मी. ताईसारखा झालाय. "मावशी, मी ठकी," म्हणाली तेव्हा कळलं. म्हणाली, मानेची गाठ बसली. म्हणाली, बाबांनी सुई रद्द केली आणि परत येताना वाटेत एका पायरीवर बसून ते खूप रडले, आणि मग गेल्या रविवारी दिवसभर झोपले. "किती तरी महिन्यांनी झोपले ग." हे ऐकून मला बरं वाटलं, भावोजी. या सगळ्यात तेवढंच एक.

मग म्हणाली, "मावशी, बाबांनी मला सांगितलंय. आईचे तुकडे तुझ्या हातून गेले ते. पण तिला परत सुई टोचायला नको म्हणून तू गप्प बसलीस ना? बाबा म्हणाले, मावशीचा जीव होता तिच्यावर."

म्हणजे तुम्ही सगळं वाचलंत आणि पोरीला सांगताना त्यातलं माझं खोटं तेवढं झाकलंत. तुम्हाला असं कसं करवलं? माझ्यासाठी केलंत, की ठकीला आपलं म्हणायला कुणी उरावं म्हणून?

तीच पुढे म्हणाली, "मला पण सुई आवडत नाही. मी पण तसंच केलं असतं." आणि मग म्हणाली, "मी येऊ का ग तुझ्याकडे सुट्टीत? बाबा नाही म्हणत नाहीत, नुसते गप्प बसतात."

नुसतं 'ये' म्हणायचं होतं. एक अक्षर. तुम्हीच वाट मोकळी करून दिली होतीत, कुणालाच कळलं नसतं. ती आली असती, माझ्या घरात वाढली असती, आणि वर्षानुवर्षं येईल त्याला सांगत राहिली असती की मावशीनं मायेपोटी केलं. आणि मी पुन्हा पायाशी बसून ऐकलं असतं.

मी म्हटलं, "नाही ठकू. बाबा चांगले आहेत म्हणून तसं म्हणाले. मी माझी फजिती होईल म्हणून खोटं बोलले. तुझ्या आईला दुखेल हा विचार माझ्या मनात तेव्हा आलाच नव्हता."

मागे कुठेतरी नळ चालू होता. मग तिनं विचारलं, "आईला कळलं होतं?"

"नाही."

"तू तिला सांगितलंच नाहीस?"

"नाही."

तिनं फोन आपटला नाही, भावोजी. आपटला असता तर बरं झालं असतं. आजारी माणसाच्या खोलीचं दार लावतात तसा हळूच ठेवला. कुणाला जाग येऊ नये इतक्या हळू.

हे पत्र पोचायला तीन दिवस लागतील. तोवर तिनं तुम्हाला काही सांगितलं नसेल तर विचारू नका, पत्र मिळेल त्या दिवशी फक्त छापखान्यात जाऊ नका. घरी तिच्याजवळ बसा.

धाकटी